जिभेला चिकटलेलं हाड

ही गोष्ट सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. सांगायची तर मीही एकदा चारचौघांत दगड चाटला, हे कबूल करावं लागतं.

आमचे शेजारी सदुभाऊ रोजच चाटत. उन्हाळ्यात करडीच्या तलावाचं पाणी उतरलं की ते काठाकाठानं वाकून चालत, एकेक दगड खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसून जिभेला लावत. "चिकटला त हाड, नाही त गोटा." दगड झालेलं जुनं हाड ओल्या जिभेला चिकटतं, असं त्यांना नागपूरच्या एका प्रोफेसरांनी सांगितलं होतं. ते खरंही आहे. पण सदुभाऊंनी फारच मनावर घेतलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन ताटकळत उभा, आणि हे मांडवातला खडा तपासताहेत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले जीभ दाखवा, तर यांनी आधी खिशातून दगड काढला.

एका मे महिन्यात ते पपईएवढा भुरा दगड घेऊन माझ्या ओसरीवर आले. प्रोफेसरांना फोन झाला होता. असे फोन रोज येतात, गावातल्या कुणा शिक्षकानं पाहून लिहून दिलं तर येतो, असं ते म्हणाले होते. गावात विज्ञान शिकवलेला मीच.

ओसरीवर चारपाच माणसं बसलेली. मी चष्माही न लावता म्हणालो, दगड आहे.

"गुरुजी, एकडाव जीभ लावून त पाहा."

लोक हसायला लागले. शेवटी लावली.

चिकटला. हळूच सोडवावा लागला, ते फक्त मला कळलं. शिवाय आंबट लागला.

पण निकाल आधीच देऊन बसलो होतो. तोंडात काही घालू नका म्हणून पोरांना छड्या मारण्यात माझी उभी नोकरी सरलेली. मी तोंड पुसलं आणि म्हणालो, "नाही चिकटत. गोटाच आहे."

सदुभाऊंनी वाद घातला नाही. दगड दुपट्ट्यात गुंडाळत म्हणाले, "जाऊ द्या. काठावर गिरजाले सापडला होता. लोणच्यावर वजन म्हणून ठेवे. नागपूरले काचेच्या कपाटात तिच्या नावाची चिठ्ठी लागली असती, येवढंच."

गिरजाबाई त्यांची बायको. जाऊन वर्षही झालं नव्हतं.

जिथे तिला सापडला तिथेच त्यांनी तो नेऊन ठेवला. पुढच्याच आठवड्यात तलावाचा गाळ निघाला, ट्रॅक्टरनं गावभरच्या धानाच्या शेतांत, बांध्याबांध्यांत पडला. तेव्हापासून सदुभाऊ लोकांच्या बांध्यांतून अनवाणी फिरू लागले, पायानं चिखल चाचपत. लोक म्हणाले, बुढा पागल झाला. मी विचारलं, गोट्यासाठी कशाला एवढं?

"गोटाच हाय, गुरुजी. पण तिचा हाय ना."

खरं सांगायला मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. "सदुभाऊ, त्या दिवशी..." एवढं म्हणेपर्यंत ते चहा ठेवायला उठत. एकट्या माणसाला पाहुण्याचं फार कौतुक. मी चहा पिऊन परत येई. यंदा ते गेले. तेरवीला मी जेवूनही आलो.

म्हणायचं होतं ते एवढंच: सदुभाऊ, मी खोटं बोललो. ते हाडच होतं, आणि ते गिरजावहिनींना सापडलं होतं. मला माफ करा.