कौगेल खोऱ्यात चौधारी घेवडा तगला त्याची हकिकत

सकल मजलसीस मालूम व्हावे जे, पापुआ न्यू गिनीचे उंच मुलखी कौगेल नामे खोरे, तेथे अंमल हिंवाचा, रताळ्यावाचून दुसरे पीक सलामीस उभे न राही. ऐशा ठिकाणी नेमाबाई यांणी चौधारी घेवडा कैसा तगविला, तो मजकूर येणेंप्रमाणे.

नेमाबाईंचे चिरंजीव योपा यांणी खालच्या ऊबदार वाघी खोऱ्यातील तेक्ला नामे कन्या वरिली, आणि देजाची डुकरे तिचे माहेरी पोंचती जाहली, मग निघतेसमयी विहीण कुंदूबाई यांणी फर्माविले की, आमचे मुलखी चौधारीवाचून चूल नाही. तो वेल तुमचे रानी जगेल तरच लेक जगेल. येते भेटीस पानावर चौधारी न दिसल्यास लेक माघारी नेऊ, डुकरे परत करू. नेमाबाई वरवर हसल्या, मनी हबकल्या. कारण योपा जन्माचा घुमा आणि सून मोठी बोलकी, तिजमुळे घरास घरपण आले होते.

मग तेक्लाबाईंनी माहेरचे बी पेरिले, आणि वेलास काठ्यांचे बुरूज दिधले. परंतु नेमाबाई अस्सल रताळेकरीण. सून ओढ्यावर गेली ऐसे पाहून त्यांणी काठ्या उपटून सरपणी दाखल केल्या, आणि वेलाचे बुडाशी कुजल्या गवताचा थोरला ढीग रचून वरी माती चढविली, आणि निळी फुले रताळ्याचे शेंडे खुडावे तैसी खुडून डुकरांस नजर केली.

"आत्याबाई, आता शेंगा काय डुकरांच्या पोटातून काढू?"

"वेल आभाळाकडे धावला, की खाली काय धरायचं गं?"

"हे रताळं नाही."

"इथं आलंय ना? मग रताळ्यासारखंच राहायचं."

चौधारीचे मुळाशीही कंद धरतात हे तेक्लाबाई जाणून होत्या, परंतु ऐशा गारठ्यात कंदाची आशा त्यांणी केलीच नव्हती. त्यांणी बोलणे बंद केले. नेमाबाईंस चूक उमजली, परंतु सासूपण आड आले. रडू फुटले ते त्यांणी चुलीच्या धुरावर ढकलले.

मग विहीणबाई येण्याचे दिवशी पहाटे हिंवाने छापा घातला, रान पांढरे जाहले, आणि ऊन पडताच चौधारीचा पाला काळा पडून लोळला. ऐशी शिकस्त पाहून कुंदूबाईंनी लेकीस झोळी भरण्याचा हुकूम केला, आणि लेकीने भरली.

हिंव पडले की रताळ्याचे ढिगात हात घालून खालचे वाचले की कसे पाहावे, ही कौगेलची वहिवाट. सुनेचे जाणे डोळ्यांदेखत नको म्हणोन नेमाबाई रानी गेल्या आणि सवयीने चौधारीचे ढिगातही हात घातला, तो आत कुजल्या गवताची ऊब, आणि हातास कंद लागले. ते राखेत भाजून विहिणीपुढे ठेविले.

कुंदूबाईंनी एक चावून पाहिला. "फार बारीक आहेत."

"तुमची पोरगीही बारीक झालीय इथं," नेमाबाई बोलिल्या. "न्यायची तर न्या. पण मला करमायचं नाही."

तेक्लाबाईंनी झोळी खाली ठेविली. "हे फुलं खुडायच्या आधी बोलला असतात तर?"

मग कुंदूबाईंनी दुसरा कंद उचलला, आणि लेक कौगेलांत कायम केली. हिंव पराभव पावले. त्या दिवशी तेक्लाबाई अंधार पडेतो सासूची एकेक चूक काढून बोलत राहिल्या, आणि नेमाबाई मुकाट ऐकत बसल्या. ही फत्ते दप्तरी नमूद असे.