बद्रीनाथरावांच्या डोक्यावरची लागवड

मुलीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ बघता बघता बद्रीनाथरावांना प्रश्न पडला, की पाहुण्यांच्या गर्दीतून ही पितळेची परात कोण घेऊन हिंडतंय. परात मधेच कुणाला तरी वाकून नमस्कार करत होती, मधेच जिलबीपाशी रेंगाळत होती. तिसऱ्यांदा मागे नेऊन पाहिल्यावर परातीखाली त्यांना स्वतःचा निळा सफारी दिसला.

हा सगळा त्या ड्रोनचा उद्योग. बावन्न वर्षांत बद्रीनाथरावांनी स्वतःला समोरून पाहिलं होतं, फार तर बाजूने. वरून पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. (भूमी अभिलेख खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात उभी नोकरी सरत आली, आणि स्वतःच्या डोक्यावर एवढं क्षेत्र पडीक आहे याची नोंद नव्हती.)

नोंद ठेवणारं माणूस घरात होतं. पत्नी मनकर्णाबाई दर रविवारी त्यांच्या टाळूला तेल चोळायच्या आणि ‘आज चार गेले’ असा अहवाल द्यायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. दहाव्याला बद्रीनाथरावांनी वस्तऱ्यानं डोकं केलं. कडेचे केस परत आले, मधले आले नाहीत. त्यांनी वाटही पाहिली नाही. तेव्हा ते कशाचीच वाट पाहत नव्हते.

पण डिसेंबरात लेकीचं, कल्याणीचं लग्न होतं, आणि ड्रोनवाला तोच ठरला होता. दोन दिवस विचार करून बद्रीनाथराव कुणाला न सांगता केसांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर देवगावकर शांत बाई होत्या. मागचे केस मुळासकट काढून मधे लावायचे, एवढंच, असं त्यांनी सांगितलं.

“भूल?”

“फक्त डोक्याच्या कातडीला. तुम्ही जागे असाल. गप्पा मारा, जेवणाची सुट्टीही मिळेल.”

बद्रीनाथरावांचं कुतूहल जागं झालं. “मॅडम, मागचा केस मधे लावला तर तो मधल्यासारखा वागतो का मागच्यासारखा?”

“मागच्यासारखा. म्हणून तर टिकतो.”

ही गोष्ट त्यांना फार आवडली. बदली होऊनही स्वभाव न सोडणारा कर्मचारी त्यांनी खात्यात एकच पाहिला होता.

“डिसेंबरपर्यंत छान येतील,” बाई म्हणाल्या. “तोवर डोक्याला वस्तरा मात्र लावायचा नाही.”

या शेवटच्या वाक्यानं बद्रीनाथरावांची झोप गेली. त्यांची सगळी भावकी गावी, कन्नडला. भावकीत वडीलधारं कुणी गेलं, की दहाव्याला पुरुषांनी डोकं करायचं, यात सवलत नाही. म्हणजे डिसेंबरपर्यंत कुणीही जाता कामा नये. आता हे कुणाला सांगणार?

मग मोजणीआधी करतात तशी त्यांनी स्थळपाहणी करायचं ठरवलं. रविवारी मोसंबी आणि बीपीचं मशीन घेऊन ते एसटीनं कन्नडला गेले. साठीच्या पुढची नऊ माणसं निघाली. प्रत्येकाच्या पाया पडून त्यांनी दंडाला पट्टा बांधला. चुलते आप्पासाहेब अठ्ठ्याऐंशीचे. त्यांना अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या, जिभेचा रंग पाहिला. चुलती आवडाबाईंना तर हात धरून म्हणाले, “काकू, जपा. तुम्ही मला हव्या आहात.”

तीस वर्षांत लग्न-मयतीशिवाय न फिरकलेला माणूस हे बोलला. तो एसटीत बसून गेल्यावर ओट्यावर बैठक बसली.

“ह्याची जमिनीवर नजर असंल,” चुलतभाऊ सांडू म्हणाला.

“नाय रं,” आवडाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “मानूस जायच्या टायमाला असंच गोड व्हतंय. बद्रीला काही तरी झालंय. समद्यांचा निरोप घिऊन गेला लेकरू.”

इकडे नऊच्या नऊ माणसं मजबूत आढळल्यानं बद्रीनाथरावांनी शुक्रवारची तारीख घेतली. फॉर्मवर नातेवाइकाचा नंबर हवा होता. कल्याणी पुण्याला, ती हसली असती. त्यांनी सांडूचा नंबर टाकला. (नंबर लिहायला मागतात, लावायला नाही, असा सरकारी कचेरीतला त्यांचा अनुभव.)

सकाळी नऊला त्यांचे उरलेले केस मशीननं बारीक केले आणि त्यांना पालथं झोपवलं. तोंडाच्या जागी पलंगाला भोक होतं. सुया टोचल्या तेव्हा त्यांना कल्याणीच्या लग्नाचा विचारच रद्द करावासा वाटला. मग हळूहळू डोकं नाहीसं झालं. म्हणजे होतं, पण दुसऱ्या कुणाचं तरी, आणि त्यावर कुणीतरी कर्र कर्र करत खुरपत होतं. भोकातून फक्त डॉक्टरीणबाईंच्या निळ्या चपला दिसत होत्या. पण विचारायचं थांबलं नाही.

“ओळीनं लावणार का तिरपे?”

“तिरपे. ओळीत लावले तर बाहुलीसारखे दिसतात.”

“दोन केसांत अंतर किती?”

“चाचा,” मदतनीस शाहीन म्हणाली, “मुंडी मत हिलाओ. सवाल पूछते तो पूरा डोका हिलता तुम्हारा.”

दुपारी वरणभात खाऊन ते उताणे झाले आणि लागवड सुरू झाली. तेवढ्यात बाहेर मोठा गलका झाला. कुणीतरी बाई गळा काढून रडत होती. बद्रीनाथरावांना त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. केसांच्या दवाखान्यात कोण गेलं असेल, याचा ते विचार करू लागले.

शाहीन बाहेर जाऊन परत आली. “चाचा, तुम्हारा पूरा गाँव आया. काउंटरवाली ने फोन करके बोली ना, डोके का ऑपरेशन चालू है, शाम को लेने आव.”

ते रडणं आपल्यासाठी आहे हे बद्रीनाथरावांच्या लक्षात आलं. उठावं तर डोकं दुसऱ्यांच्या ताब्यात. बाहेरचा आवाज थांबेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकाच माणसाला टोपी-मास्क घालून दारापर्यंत आणायला सांगितलं. आले ते आप्पासाहेब. तासलेलं डोकं, रक्ताचे ठिपके, पांढरी पट्टी, सगळं पाहून ते दाराला टेकले.

“बद्री, वळखलंस का मला?”

“हो काका.”

“कोन्ता काका?”

“आप्पासाहेब काका.”

आप्पासाहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. “मेंदू उघडा ठिवून बी बोलतंय की वं हे.”

“मेंदूला हात लावला नाही आजोबा. केस लावतोय.”

“केस?”

“कल्याणीच्या लग्नासाठी,” बद्रीनाथराव छताकडे पाहत म्हणाले.

“म्हंजी मरत नायस तू?”

“नाही काका.”

“मंग घरोघर पाया कशाला पडत व्हतास?”

याचं उत्तर बद्रीनाथरावांपाशी होतं, पण देता येत नव्हतं. “आठवण आली,” ते म्हणाले, आणि बोलता बोलताच ते थोडं खरंही वाटलं.

आप्पासाहेबांनी मास्कच्या वरचे डोळे पुसले. “त्या आडव्या भद्रा मारुतीवाणी निजलाय नुसता,” ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “पन घोटाळा झाला गड्या. येताना वेरूळला जीप थांबवली व्हती. घृष्णेश्वराला नवस बोललोय मी. म्हनलं, देवा, पोरगं उठून बसू दे, तुझ्या दारात त्याचं डोकं करीन.”

शाहीनच्या चिमट्यात एक केस तसाच राहिला.

“डिसेंबरपर्यंत वस्तरा नाही,” बाई म्हणाल्या.

“देव थांबंल,” आप्पासाहेब म्हणाले. “त्याला काय घाई? मी किती थांबन, ते बघा.”

“लग्न झालं की लगेच करू काका,” बद्रीनाथराव घाईनं म्हणाले. “तुम्ही फक्त तोवर जपा.”

आप्पासाहेबांनी जपलं. बद्रीनाथराव रोज सकाळी फोन करून बीपीची गोळी विचारायचे, काकाही फोनची वाट पाहू लागले. नऊजण नऊ महिने टिकले. आधी लावलेले केस गळाले, मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे नवे उगवले, काळे, दाट आणि मागच्यासारखे. रविवारी स्वतःच्या हातानं तेल लावताना मधल्या जागी बोटं अडायची, तेव्हा बद्रीनाथराव थोडा वेळ तिथंच थांबायचे.

लग्नाच्या दिवशी त्यांनी भांग तीनदा पाडला. बाहेर ड्रोन घरघरत होता. ते मांडवाकडे निघाले तोच आप्पासाहेब आडवे आले. त्यांच्या हातात नऊ वार भगवं कापड होतं.

“बस खाली. पोरीचा बाप हायेस, बोडक्या डोक्यानं कुठं चाललास?”

आणि त्यांनी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हातांनी असा फेटा बांधला, की तो रात्री पाठवणी होईपर्यंत हलला नाही. व्हिडिओत वरून एक भगवा फेटा मांडवभर हिंडताना दिसतो. जिलबीपाशी तो दोनदा थांबतो.

दुसऱ्या दिवशी सगळे जीपनं वेरूळला गेले. न्हाव्यानं कालच्या लग्नाच्या गप्पा ऐकत डोकं भिजवलं, केसांतून बोटं फिरवली आणि वस्तरा हातात तसाच धरून ठेवला.

“लई दाट हायेत भाऊ. लग्नात उठून दिसले असत्याल.”

बद्रीनाथरावांनी मान खाली घातली.

जीप कन्नडकडे निघाली. गार वारा टाळूला लागत होता. परत येतील, सहा महिन्यांत पूर्ववत होतील, असं बाईंनी फोनवर सांगितलं होतं. म्हणजे जूनपर्यंत पुन्हा वस्तरा नाही. शेजारी आप्पासाहेब पेंगत होते, त्यांना बारीक खोकला झाला होता. बद्रीनाथरावांनी त्यांच्या कानावरून मफलर नीट घेतला, त्यांचा हात हातात धरला आणि नाडी पाहत मायेनं विचारलं,

“काका, गोळी घेतली ना?”

आप्पासाहेबांनी डोळे उघडले. पुतण्याकडे एकवार निरखून पाहिलं.

“सांडू,” ते म्हणाले, “जीप वळीव. ह्याला पुन्यांदा काही तरी झालंय.”