कितीले पडलं?

आमच्या घाटंजीत हनिफभाईंच्या दुकानासमोरून नवी वस्तू घेऊन जायची कुणाची छाती नाही. ते मोटारपंपांचं वाइंडिंग करतात. हातातली तार न सोडता मान वर होते आणि प्रश्न येतो, "कितीले पडलं?" तुम्ही आकडा सांगायचा. मग ते डोळे मिटून पुटपुटतात आणि तीच वस्तू घरी बनवली असती तर केवढ्यात झाली असती, ते ऐकवतात. माझ्या चपलेचं ऐकवलं, कुकरचं ऐकवलं. एकदा मी केस कापून येत होतो, तेव्हाही सोडलं नाही.

पण खरं वेड स्पीकरचं. "कंपनीच्या पेटीत काय राह्यते सर? लाकूड, चुंबक, तार अन् हवा. हवेचेच पैसे घेते ते." त्यांची स्वतःची जोडी नऊ हजारात पडली म्हणे. त्यात मेहनत धरलेली नाही. आधीच्या सहा जोड्या धरलेल्या नाहीत, कारण त्या 'शिकण्यात गेल्या'. आत भरलेला कापूस घरच्या उशांचा, म्हणून फुकट. सागवान घरच्या पलंगाचं, तेही फुकट. पेट्यांखालचे बुटके पायसुद्धा त्याच पलंगाचे कापून केलेले, हिरव्या रंगाचे. भाभी तीन वर्षांपासून नागपूरला मुलाकडे. नातू लहान आहे, असं ते सांगत.

मी कॉलेजात शिकवतो. गाण्याचा शौक दांडगा, अक्कल बेताची. मागच्या दिवाळीत मी एक लाख ऐंशी हजारांचे स्पीकर मागवले आणि बायकोला अठरा हजार सांगितले. एक शून्य गिळलं, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी हनिफभाई हजर. "कितीले पडलं?" बायको चहा घेऊन उभी. मी म्हटलं, अठरा हजार. भल्या माणसानं खिशातून मोबाइल काढला, शोधलं, आणि मला खोटं पाडायचा तसूभर हेतू नसताना म्हणाले, "काहीतरी गडबड हाय सर. अठरा हजारात याची जाळीबी येत नाही." आणि मोबाइल धरला तो थेट बायकोच्या डोळ्यांसमोर.

सतरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीठ मागितलं तर मीठ यायचं, शब्द यायचा नाही. घर खायला उठायचं. अठराव्या दिवशी तिनंच तोड काढली. हनिफभाईंची जोडी आणायची, दोन्ही जोड्या चादरीआड ठेवून वाजवायच्या. "त्यांचा नऊ हजाराचा बाजा एवढाच चांगला वाजला, तं मी चालली पुसदले." पुसद तिचं माहेर. आणि ती बोलली की जाते.

चादर बांधली. बटणं दाबायला मी चादरीमागे. बायको सोफ्यावर, पुढ्यात टीपॉय. हनिफभाई नेहमीसारखे खाली सतरंजीवर. मी एक नंबर वाजवला, मग दोन नंबर. बायको म्हणाली, "मले तं दोन्ही सारखेच वाटते." मला पुसदची बस दिसू लागली. मग तिनं हनिफभाईंना विचारलं.

"एक नंबर पेटीत बसून गाते, ताई. दोन नंबर आपल्यासमोर बसून गाते. दोन नंबरच."

दोन नंबर माझा होता.

मी नाचतच बाहेर आलो. बायको हसली, पुसद टळलं. पुढचे दोन दिवस मी भर चौकात हनिफभाईंची खेचली. सात जोड्या बनवल्या आणि स्वतःची पेटी ओळखू आली नाही म्हणून! ते खाली मान घालून तार गुंडाळत राहिले.

तिसऱ्या दिवशी चादर सोडायला गेलो तर खिशातला पेन सोफ्याखाली गेला. तो काढायला सतरंजीवर आडवा झालो, हनिफभाई बसले होते तिथेच. चादर जमिनीला टेकत नव्हती. खाली वीतभर फट, आणि फटीतून आठ हिरवे पाय माझ्याकडे बघत होते. मला माझीच लाज वाटली.

तसाच दुकानात गेलो. म्हटलं, "हनिफभाई, तुम्हाला पाय दिसत होते. कुठली जोडी वाजतेय ते कळत होतं."

"माही जोडी पुन्हा बनते सर," ते म्हणाले. हातातली तार थांबली. "तुमची भाभी नातवासाठी नाही गेली. पलंग कापला ना, त्या दिवशी गेली."

फोन तरी होतो का, एवढं विचारलं.

"रोज लावतो. तिच्या फोनचा आवाज लय खराब येते. म्हटलं, घेऊन ये इकडं, मी घरीच दुरुस्त करून देतो."

"मग?"

"म्हणते, नवाच घेते."

नवा कितीला पडेल, ते त्यांनी विचारलं नाही.