वरच्या वर्गातली एक खुर्ची

दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नवीन नळजोडणीचे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि त्यातले निम्मे मी परत पाठवतो. रकाना सात रिकामा, परत. सही चौकटीबाहेर गेली, परत. माझ्या पाठीमागे लोक मला ‘परतबुवा’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. (एकाने तोंडावरही म्हटलं, पण त्याचाही अर्ज अपुरा निघाला.) अशा माणसाने मोबाइलवर आलेला चार ओळींचा फॉर्म चुकीचा भरला, यावर ऑफिसात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या बायकोचा लगेच बसला.

फॉर्म रेल्वेचा होता. आम्ही दोघं आठ दिवस समुद्राकाठी निघालो होतो, सहा वर्षांत पहिल्यांदा. सहा वर्षं जाता आलं नव्हतं, कारण बायकोची मोठी बहीण आमच्याकडे अंथरुणाला खिळून होती. आता जाता येत होतं, कारण ती राहिली नव्हती. रजेच्या अर्जात ‘कारण’ या रकान्यापाशी आलो की हेच वाक्य मनात यायचं आणि मी पेन खाली ठेवायचो. शेवटी ‘खासगी’ असं लिहिलं. (माझ्या टेबलावर आला असता तर मीच परत पाठवला असता.)

ताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. आईवडील लवकर गेल्यावर माझ्या बायकोला त्यांनीच वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, स्वतः एकट्या राहिल्या. मग एका सकाळी फळ्यावर झाड काढता काढता त्यांचा उजवा हात खाली आला, तो पुन्हा वर गेलाच नाही. वाचाही गेली. आम्ही त्यांना घरी आणलं. डाव्या हाताने पाटीवर लिहायला त्या तीन महिन्यांत शिकल्या आणि पहिलं धड वाक्य लिहिलं ते असं: ‘ह्यांच्या हातचा चहा नको.’ आमचं नातं साधारण असंच होतं. मी त्यांच्या शुद्धलेखनात चुका काढायचो, त्या माझ्या चहात. दिवस बरे जात होते.

मग एका संध्याकाळी मी ते बोललो. ऑफिसात कुणीतरी सहलीचे फोटो दाखवले होते. घरी येऊन स्वयंपाकघरात मी म्हणालो, की आपल्याला काय, या जन्मात कुठे जाता येणार नाही. मनात वाईट काही नव्हतं. पण माझा आवाज तीस वर्षं काचेपलीकडच्या माणसाशी बोलून तयार झालेला आहे, आणि स्वयंपाकघर आणि ताईंची खोली यांच्यामध्ये नुसता एक पडदा होता. बायकोने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर नवव्या दिवशी ताई गेल्या.

बायको मला एका शब्दाने बोलली नाही. रडलीही नाही. आलेल्या-गेलेल्यांना चहापाणी केलं, ताईंची पातळं घड्या घालून कपाटात ठेवली. पण पहाटे ठरल्या वेळी उठून ताईंचं अंग पुसायचं पाणी तापवायला ठेवायची, आणि पाण्याला आधण आलं की गॅस बंद करून तशीच उभी राहायची. मी अंथरुणातून ते पाहायचो आणि कूस बदलायचो.

सहलीची तिकिटं मीच काढली. साध्या डब्याची, एका बाकावर तिघं बसतात तशी. आठवडाभराने मोबाइलवर मेसेज आला: आपली आसनं वरच्या वर्गात हलवण्याची इच्छा आहे का? वरच्या वर्गात म्हणजे रुंद खुर्च्या, मागे रेलणारी पाठ, पाय ठेवायला फळी. मी तीन दिवस ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यावर अंगठा नाचवत होतो. शेजारच्या टेबलावरच्या कॅशियरला विचारलं, तो म्हणाला वहिनींना विचार. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या आहे ते ठीक आहे. ताई गेल्यापासून तिला सगळंच आहे ते ठीक होतं. तेव्हा मला वाटलं, निदान आठ तास तरी हिने पाठ टेकून बसावं. सहा वर्षं ही बाई खुर्चीच्या कडेवरच बसली, हाक आली की उठता यावं म्हणून. मी ‘हो’ दाबलं.

त्याखाली एक प्रश्न होता. सर्व प्रवाशांची सोय झाली तरच, की जितकी आसनं मिळतील तितकी? आपण सरकारी माणसं, समोरच्याची अडचण समजून घ्यावी, म्हणून मी उदार मनाने दुसऱ्यावर खूण केली. मिळालं एक.

हे आम्हाला फलाटावर कळलं. मग आमच्यात जुन्या नवराबायकोंतच होतं ते भांडण झालं, ज्यात दोघंही वाईट जागेसाठी हट्ट धरतात. ती म्हणाली, तुमची कंबर दुखते, तुम्ही बसा. मी म्हणालो, तुझे गुडघे. ती म्हणाली, गुडघे घरीच दुखतात. शेवटी शिट्टी झाली आणि मी तिला जवळजवळ ढकलूनच वर चढवलं. दार लागताना ती म्हणाली, “फॉर्म वाचला नव्हतात का?” एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

साध्या डब्यात माझ्यासमोर एक गृहस्थ मांडीवर भला मोठा आरसा उभा धरून बसले होते. मुलीच्या नव्या घरासाठी नेत होते. आठ तास मला स्वतःचं तोंड बघत बसावं लागलं. (ज्यांनी माझं तोंड पाहिलं आहे त्यांना ही शिक्षा किती ते कळेल.)

पहिल्या मोठ्या स्टेशनावर मी घरून आणलेला सँडविचचा डबा घेऊन तिच्या वर्गाच्या दाराकडे धावलो. दारातल्या हातमोजे घातलेल्या माणसाने मला आत सोडलं नाही. कुणासाठी, म्हणाला. आसन क्रमांक सहा, मी म्हणालो. त्याने डबा घेतला. तेवढ्यात आतून एका बाई आल्या, रिकामा कप माझ्या हातात ठेवला आणि पुढच्या वेळी साखर कमी घाला असं सांगून गेल्या. मी हो म्हणालो. काचेच्या आतल्या बाजूला इतकी वर्षं काढली, की बाहेर उभं राहायची वेळ आली तर माणूस आपोआप हो म्हणतो.

दुसऱ्या स्टेशनावर मी दोन चहा घेतले. या वेळी दारात कुणी नव्हतं आणि आतल्या काचेतून मला सहा नंबर दिसला. बायको रडत होती. डोळ्यांना पदर लावून वगैरे नाही. पुढे वाकून, खांदे हलवत, शाळेतली मुलगी रडते तसं. शेजारी चांदीच्या काड्यांचा चष्मा घातलेल्या एक अनोळखी बाई होत्या आणि त्यांचा हात तिच्या पाठीवर फिरत होता. बायको रडता रडता बोलत होती, एकसारखी. सत्तावीस वर्षांत ती इतकं बोललेली मी पाहिलं नव्हतं. दार ढकललं असतं तर उघडलं असतं. मी ढकललं नाही. मी आत गेलो तर ती डोळे पुसून विचारणार, कंबर दुखतेय का तुमची? दोन्ही चहा मीच प्यालो आणि परत आरशासमोर जाऊन बसलो.

उतरल्यावर त्या चष्म्याच्या बाई माझ्याकडे आल्या. त्यांचं चष्म्याचंच दुकान होतं असं नंतर कळलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “खूप साठलं होतं त्यांच्या मनात. बरं झालं तुम्ही शेजारी नव्हता.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

समुद्रावर पहिले दोन दिवस आम्ही हवेबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी बाकावर बसलो असताना मीच विषय काढला. म्हणालो, की त्या संध्याकाळी मी बोललो ते ताईंनी ऐकलं असेल का, एवढं एकदा सांग.

ती पाण्याकडे बघत म्हणाली, “ऐकलं होतं.”

मी चपलेतली वाळू झटकायला लागलो.

“दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं होतं तिने. दोघं जाऊन या. मला माणूस ठेवा. दोन ओळी लिहायला सकाळ गेली तिची.”

मी म्हणालो, की मला दाखवायचं होतंस. मी जाऊन त्यांची माफी मागितली असती.

“मी पुसून टाकलं,” ती म्हणाली. “तुम्ही वाचलं असतं तर तिकिटं काढायला निघाला असतात.” मग अगदी खाली बघत म्हणाली, “आणि मी नको म्हटलं नसतं. मलाही जायचं होतं हो. तिने लिहून विचारलं, काय ठरलं, तर मी म्हटलं, असलं काही लिहायचं नाही. रागावले तिच्यावर. ते तिने शेवटचं लिहिलेलं.”

इतके दिवस मला वाटत होतं की ती माझा अपराध पोटात घालून बसली आहे. ती स्वतःचाच घेऊन बसली होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, आणि मग रुमाल काढून माझंच नाक पुसलं.

परतीच्या दिवशी मी स्टेशनवर लवकर गेलो आणि खिडकीतल्या बाईंना सांगितलं, की दोनपैकी एकच जागा वरच्या वर्गात करून द्या. आमच्या हिला अजून रडायचं असेल तर जागा असावी, असं माझ्या मनात होतं. पण हे खिडकीतून सांगता येईना. बाईंनी विचारलं, एकच का? मी म्हणालो, तसंच ठरलंय. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं, यंत्रावर बरंच काही टिपटिप केलं आणि म्हणाल्या, “काका, दोन्ही करून दिल्यात. शेजारशेजारी.” माझ्यासारखा कारकून असता तर मागितलं तेवढंच दिलं असतं.

तर आम्ही वरच्या वर्गात शेजारशेजारी बसलो. गाडी सुटल्यावर तिने पाठ टेकली, बाहेर पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. लगेच तिने माझ्याकडे वळून विचारलं, पाणी हवंय का? थोड्या वेळाने पुन्हा डोळे भरले, तेव्हा माझी गोळी घ्यायची राहिली होती. तिसऱ्यांदा तिने माझ्या कमरेमागे स्वतःची शाल घडी करून ठेवली. मी समोर असेपर्यंत हिला सुट्टी नव्हती. मी म्हणालो, जरा पाय मोकळे करून येतो, आणि बाहेर येऊन स्वच्छतागृहाशेजारी दारापाशी उभा राहिलो.

तासाभराने टीसी आले. म्हणाले, साध्या डब्यातल्या लोकांना इथे उभं राहायची परवानगी नाही. मी तिकीट दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, काचेतून आत पाहिलं. आत माझी रिकामी खुर्ची होती आणि तिच्या शेजारी खिडकीकडे तोंड करून रडणारी बायको. त्यांनी तिकीट परत दिलं.

“किती वर्षं झाली लग्नाला?” त्यांनी विचारलं.

“सत्तावीस.”

“चूक तुमचीच असेल.”

मी म्हणालो, हो. खरं सांगायला बसलो असतो तर गाडी मुक्कामाला पोचली असती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, कोपऱ्यातलं स्वतःचं घडीचं स्टूल उघडून दिलं, आणि जाता जाता हळूच सांगितलं, की घरी पोचेपर्यंत आत जाऊ नका.