एकशे अठ्ठावीसचे मानकरी

मृणालीला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, हा प्रश्न बाळाराम शेठांनी संपूर्णपणे संगणकाच्या न्यायबुद्धीवर सोपवला होता. दापोड्याच्या भातशेतीवर पार्सलांचं गोदाम उभं राहून पैसा येऊ लागल्यापासून शेठांचा आकड्यांवर फार विश्वास.

निजामपुऱ्याची पार्सलं अंजूरला जात होती, म्हणून पत्ते छापणारा प्रोग्राम मृणाली दुरुस्त करत होती. प्रत्येक दुरुस्ती गिट नावाच्या प्रणालीत जमा करायची आणि गिट प्रत्येक आज्ञेनंतर एक आकडा परत देणार, असा रिवाज. काम फत्ते झालं तर शून्य, फसलं तर दुसरा कुठला तरी. हे आकडे नावानिशी भिंतीवरच्या पडद्यावर झळकावेत, असा शेठांनी हुकूम काढला. महिनाअखेरीस मृणालीपुढे शून्यच शून्य. शेजारचा भाविक भलत्याच फोल्डरमध्ये शिरून आज्ञा देई, त्याच्यापुढे रोज एकशे अठ्ठावीस.

"बाय, तुला पगार तरी कशाचा द्यायचा?" शेठांनी विचारलं.

"शेठ, शून्य म्हणजे काम बरोबर झालं. एकशे अठ्ठावीस म्हणजे फसलं."

"आमच्या पोराला गणितात शून्य मिलाला, तवा मास्तर असा न्हाय बोलला," शेठ शांतपणे म्हणाले. "भाविककडून शिक काय तरी. मेहनती पोरगा हाय."

भाविकचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दुसरा नारळ आपल्याला मिळणार, हे मृणालीला स्वच्छ दिसलं. तिने निमूटपणे भाविककडे शिकवणी लावली. पोरगी मुळात हुशार. आज्ञा देऊन ती अर्ध्यातच तोडली तर एकशे तीस मिळतात, हा शोध तिचाच. पडद्यावर तिचं नाव सगळ्यांच्या वर चढलं आणि ती कायम झाली. आज्ञा पुरी होतच नसल्याने शेवटची दुरुस्ती जमा झाली नाही आणि दुरुस्त केलेला प्रोग्राम तेवढा तिच्या लॅपटॉपमध्येच राहिला. तिला फार वाईट वाटलं. पगार झाल्यावर जरा कमी वाटलं.

निजामपुऱ्याचा माल अजून अंजूरलाच जातो. गिऱ्हाइकं फोन करतात, म्हणून शेठांनी आता तक्रारींचा आकडाही मृणालीच्या नावापुढे लावला आहे. तो रोज वाढतो आणि शेठ रोज खूश होतात. तेव्हा तुमचं पार्सल आलं नसेल, तर गप्प बसू नका, तक्रार जरूर नोंदवा. तिच्या बढतीला मोजक्याच तक्रारी कमी पडताहेत.