बंदरावर सकाळ की संध्याकाळ?

वाळवंटातल्या चँडलर गावात आप्पाकाकांच्या घरी गेलात की बूट काढायच्या आधी मत द्यावं लागतं. दारासमोरच एक मोठं चित्र टांगलंय. हॉलंडमधलं कुठलंसं बंदर: राखाडी आभाळ, शिडाच्या होड्या, धुरकट मनोरे, ओलसर हवा. प्रश्न एकच.

"सकाळ की संध्याकाळ?"

बाहेर रस्त्यावर अंडं फुटलं तर ऑम्लेट होईल असं ऊन, आणि काका चित्रासमोर स्वेटर घालून बसलेले. "एसीमुळे नाही गं, हे बंदर बाधतं मला!"

चित्र जुन्या सामानाच्या गराज सेलमधून घरी आलं त्याच दिवशी काका म्हणाले, संध्याकाळ. सुमनकाकू म्हणाल्या, सकाळ. झालं! घरात दोन पक्ष पडले. सकाळवाल्यांना काकू तुपातला शिरा वाढायच्या, संध्याकाळवाल्यांना कालचा ब्रेड. मतदान कसं व्हायचं ते सांगायला नको.

"ही सरळसरळ लाचखोरी आहे!" काका ओरडायचे.

"मग तुम्ही करा शिरा," काकू म्हणायच्या.

माझा मुलगा एकदा म्हणाला, "इट्स जस्ट क्लाउडी, आजोबा." काकांनी गंभीरपणे जाहीर केलं, "मत बाद!"

आमच्या घरात कॉलेजची डिग्री मिळवलेली पहिली मी. मत द्यायला कुणाच्या बापाला भीत नाही. मला संध्याकाळ वाटायची, म्हणून मी संध्याकाळ म्हणायचे आणि निमूट ब्रेड खायचे. काकांचं खात्रीचं मत तेवढं एकच. "शिकलेली पोर आहे, लाइट कळतो तिला!" ते काकूंना ऐकवायचे.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या.

परवा मी काकांकडे गेले तर चित्राच्या काचेवर धूळ साचलेली. पुसायला घेतली. कोपऱ्यात गराज सेलचं स्टिकर इतकी वर्षं तसंच होतं, तेही खरवडून काढलं. खाली एक बुटका माणूस निघाला. हातात लांब काठी, समोर कंदिलाचा खांब.

"काका, दिवा लावतोय हा! संध्याकाळच आहे! जिंकलात तुम्ही!"

काका काचेला नाक टेकवून उभे राहिले.

"लावतोय कशावरून?" ते म्हणाले. "पहाटे विझवायलाही माणूस लागतोच की. नीट बघ."

मी काकांकडे बघितलं. मग चित्राकडे.

"विझवतोय, काका. सकाळच आहे."

"मग!" काका म्हणाले. "तेच तर ती सांगत होती."