बँडमध्ये मधे मधे

बायकोची दाढ दुखायला लागली तेव्हा तिच्याबरोबर दवाखान्यात जायचं मी टाळलं. सांगताना ऑफिसचं काम सांगितलं. खरं कारण असं की दाढ कोरण्याचा तो आवाज कानावर आला की मला घाम फुटतो, मग दाढ कोणाचीही असो. त्या दिवशी निमूट गेलो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं.

संध्याकाळी ती घरी आली ती अर्धं तोंड बधिर आणि उरलेल्या अर्ध्यानं हसत.

"आम्ही बंड करतोय," ती म्हणाली.

"कोणाविरुद्ध?"

"अहो, बंड नाही. बंड."

"बँडेज? दाढेला?"

शेवटी तिनं वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं. बँड. रॉक बँड. दातांचे डॉक्टर म्हणे गिटार वाजवतात. इंजेक्शन चढेपर्यंत पेशंटची भीती जावी म्हणून त्यांनी दोन-चार सूर छेडले आणि हिनं आ वासलेल्या तोंडानं सूर मिसळला. "तुमचा आवाज वाया चाललाय वहिनी," असं डॉक्टर म्हणाले. (लग्नापासून तो माझ्याच घरात आहे. म्हणजे वाया कुठे चालला होता ते उघड आहे.)

मी विमा कंपनीत दावे तपासतो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे मी शांतपणे विचारलं, "सराव कुठे करणार?"

"त्यांच्या दवाखान्यात. रविवारी तो रिकामाच असतो."

रिकामा हा शब्द मला आवडला नाही. "छे, दवाखान्यात कसला सराव? आपला हॉल आहे की," मी उदारपणे म्हणालो.

पुढच्या रविवारी माझा सोफा बेडरूममध्ये गेला आणि टीव्हीच्या जागी ड्रम आले. ड्रमवाला म्हणजे आमच्याकडचे नळ दुरुस्त करणारा प्लंबर. तो वाजवायचा जोरात आणि बोलायचा अजिबात नाही. डॉक्टर मात्र बोलायचे. उंच, कुरळ्या केसांचे, अविवाहित. बायकोला 'वहिनी' म्हणायचे आणि मला 'काका'. आता वहिनीचा नवरा काका कसा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पण बायको म्हणाली, "त्यांना आदर वाटतो हो तुमच्याबद्दल."

बँडचं नाव ठरलं 'रूट कॅनॉल'. मी नुसता चहा देत बसणार नव्हतो. मलाही घ्या म्हणालो.

"बेस गिटार घ्या काका. चारच तारा असतात," डॉक्टर म्हणाले. 'अजिबात दुखणार नाही' असं ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात.

मी आंघोळ करतानाही ताल मोजू लागलो. पण सरावाला उभं राहिलं की माझं लक्ष चार तारांवर राहायचं नाही. कारण ते दोघं एकमेकांकडे बघायचे. गाणं रंगात आलं की डॉक्टर भुवई उडवायचे आणि ही गालात हसायची. मग ती एखादी ओळ लांबवत न्यायची, डॉक्टर हळूच मान हलवायचे, की गाणं पुढे सरकायचं. शेवटी तर शेवटची ओळ घोळवत राहायची, डॉक्टरांनी मान हलवली की संपवायची. मी दाढी करताना आरशासमोर भुवई उडवून बघितली. बायको म्हणाली, "डोळ्यात साबण गेला का?"

पहिला कार्यक्रम मिळाला प्लंबरच्या मेव्हण्याच्या गाद्यांच्या दुकानात, उद्घाटनाला. दुकान माणसांनी भरलं होतं. मी मनाशी ठरवलं होतं, आज नजरानजर होऊ द्यायची नाही. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी बेस वाजवत सरकत सरकत बरोबर दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो.

गाणं छान चाललं. शेवटची ओळ आली. बायकोनं ती म्हटली, पुन्हा म्हटली, डावीकडे झुकली. मीही डावीकडे झुकलो. डॉक्टर उजवीकडून डोकावले, मी तिकडे सरकलो. ओळ पुन्हा सुरू. आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काही जण गाद्यांवर बसले. मग आडवे झाले. एक आजोबा तर चक्क घोरू लागले. प्लंबरचा शर्ट घामानं भिजून निघाला होता, पण संपवायची खूण मिळेना, तो बिचारा काय करणार? अखेर दुकानदारानं जाऊन मेन स्विच बंद केला. गिटारी गप्प झाल्या. ड्रम विजेवर चालत नसल्यामुळे प्लंबर अंधारात आणखी थोडा वेळ वाजवत राहिला.

दुकानदार मात्र खूश. इतका वेळ पडून राहिल्यावर गाद्या लोकांना पटल्या होत्या. आजोबा ज्या गादीवर झोपले होते ती तर त्यांच्या मुलानं तिथल्या तिथे घेतली.

 घरी दाराशी आल्यावर बायको म्हणाली, "मधे का कडमडलात?"

माझा बांध फुटला. "तो तुझ्याकडे बघतो, तू त्याच्याकडे बघतेस. भुवया काय, माना काय. मी काय आंधळा आहे?"

 ती चपला काढता काढता पायरीवरच बसली आणि हसत सुटली.

"अहो, ते तुमच्यामुळे बघतात. तुमचा ताल सुटला की ते भुवई उडवतात. मग मी ओळ लांबवते, तुम्ही येऊन पोचेपर्यंत. पोचलात की ते मान हलवतात. आज तुम्ही मधे उभे, मला त्यांची मानच दिसेना. तुम्ही पोचलात की नाही हे मला कळणार कसं?"

"दर वेळी माझ्याचमुळे बघता?"

"परवा तुम्ही गॅस भरून आणायला गेला होतात ना, तेव्हा आम्ही सबंध गाणं वाजवलं. एकदाही बघावं लागलं नाही."

मी बराच वेळ किल्ली शोधत राहिलो. ती हातातच होती.

"मग मला काढून का टाकलं नाही?"

"हॉल आपला आहे ना," ती म्हणाली. आणि माझा चेहरा बघून घाईघाईनं पुढे म्हणाली, "शिवाय तुम्हाला किती आवडतं ते."

तेव्हापासून उभं राहायची पद्धत बदलली आहे. आता मी कडेला असतो आणि ते दोघं तोंड माझ्याकडे करून उभे राहतात. एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कार्यक्रमभर बायकोची नजर आपल्यावर खिळलेली असावी, हे भाग्य किती नवऱ्यांच्या वाट्याला येतं? फक्त ती बघते कशी, तर गॅसवर दूध ठेवल्यावर बघतो ना, तशी.